मुद्दाम नासवलेल्या दुधाचं बटण

लेकीच्या स्वेटरला पाच बटणं होती, त्यातलं नेमकं मधलंच पडलं आणि सुटी बटणं टाकायचा जो डबा आहे तो अख्खा पालथा घातला तरी त्या मापाचं एकही निघेना. मी म्हटलं पाचच्या पाच बदलून टाकू, विषय संपला. तर ही म्हणे आपण बनवूया की घरी. नऊ वर्षांची आहे, तिच्या मते जगातली प्रत्येक वस्तू घरी बनते आणि आपण उगाच विकत आणतो. अगं बटण प्लॅस्टिकचं असतं, ते काय घरी बनतं का असं मी बोलले खरी पण पुढच्याच वाक्यात स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, म्हटलं म्हणजे दुधापासून एक प्रकारचं प्लॅस्टिक होतं म्हणा. झालं! तिथून पुढचे जवळजवळ दोन महिने आमच्या ओट्यावर कायम काहीतरी वाळत होतं.

धाकटा सहा वर्षांचा, त्याचा पहिला प्रश्न, मग ते बटण खाता येईल का. सासूबाईंचा प्रश्न जास्त अवघड होता. इतकी वर्षं दूध नासू नये म्हणून जीव टाकला आणि आता तुम्ही मुद्दाम नासवणार? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, नवऱ्याने पेपर तोंडासमोर धरला.

पहिला प्रयत्न मी स्वतःच्या हुशारीवर केला. घरात होतं ते साईचं भरपूर फॅट असलेलं दूध घेतलं, खळाखळा उकळलं आणि त्यात अंदाजाने व्हिनेगर ओतलं. दूध फाटलं, गाळलं, गोळा हातात आला तर तो तेलकट आणि भुसभुशीत, दाबला की बोटांना चिकटायचा आणि सोडला की सुटा व्हायचा. तरी चपटी गोल चकती केली, दातकोरणीने दोन भोकं पाडली आणि लवकर वाळावी म्हणून कडक उन्हात ठेवली. संध्याकाळी त्या चकतीचे चार तुकडे, खालच्या कागदावर तेलाचा डाग, आणि वास असा की खिडकी उघडावी लागली. लेक म्हणाली हे प्लॅस्टिक नाहीये आई, हे चीज आहे. बरोबरच होतं तिचं.

मग नीट बसून विचार केला. आपल्याला हवं असतं ते दुधातलं केसीन, म्हणजे एक प्रोटीन. दुधात जेवढं प्रोटीन असतं त्यातलं साधारण ८० टक्के हेच. फॅटचा काही उपयोग नाही, उलट ते मधेमधे अडकून बसतं आणि केसीनला एकमेकांना घट्ट धरू देत नाही. म्हणजे दूध घ्यायचं ते स्किम्ड, फॅट काढून टाकलेलं. आणि उकळायचं तर मुळीच नाही, नुसतं चांगलं गरम करायचं, बोट बुडवलं तर पटकन काढावंसं वाटेल इतपत. आमच्याकडे किचनचा थर्मामीटर आहे, पंचावन्न अंशाला गॅस बंद केला. (गॅसजवळचं सगळं काम माझं, मुलांचा हात तिथे नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सांगितला होता आणि या एकाच नियमाबद्दल भांडण झालं नाही.)

दुसऱ्या वेळी माप काढून केलं. २५० मिली स्किम्ड दूध, त्यात चहाचे चार चमचे साधं पांढरं व्हिनेगर, म्हणजे अंदाजे २० मिली. व्हिनेगर धाकट्याने घातलं, एकेक चमचा, आणि लेकीने हळूहळू ढवळलं. पहिल्या चमच्याला विशेष काही नाही. दुसऱ्याला दूध भांड्याच्या कडेला जरा दाणेदार दिसायला लागलं. तिसऱ्याला एकदम सगळं बदललं, पांढरे गोळे एका बाजूला आणि पाणी एका बाजूला, आणि धाकटा जो ओरडला की सासूबाई पण बघायला आल्या. ते पाणी पांढरं नसतंच, पिवळट हिरवट दिसतं. ते त्यात असलेल्या बी २ जीवनसत्त्वामुळे, रायबोफ्लेविन म्हणतात त्याला, ते दुधात असतं सुरुवातीपासूनच पण पांढऱ्यामागे लपलेलं. आणि मुळात दूध पांढरं का, तर केसीनचे बारीक बारीक गोळे आणि फॅटचे थेंब प्रकाश सगळीकडे उधळतात म्हणून. गोळे गेले की पांढरेपणा पण गेला. हे मी सांगितलं तेव्हा लेकीने गाळलेलं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन त्यामागे पुस्तक धरलं, अक्षरं वाचता येतात का बघायला. जरा धूसर होतं पण येत होती.

का फाटतं हे समजावताना मी चुंबकं काढली. केसीनच्या त्या गोळ्यांवर बाहेरून सगळ्यांवर सारखाच, ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलत राहतात आणि दुधात पसरून तरंगतात, दोन चुंबकांची सारखी टोकं समोरासमोर आणली की कसं होतं तसं. आम्ल घातलं की तो भार हळूहळू मरतो. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जेवढा कमी तेवढं आंबट जास्त. ताज्या दुधाचा पीएच साडेसहाच्या थोडा वर असतो, तो उतरत उतरत ४.६ ला आला की ढकलणारं कोणी उरत नाही आणि सगळे एकमेकांना चिकटतात. चुंबकाचं उदाहरण शास्त्राच्या दृष्टीने शंभर टक्के बरोबर नाही मला माहितीये, विद्युतभार वेगळा आणि चुंबक वेगळं, पण सहा वर्षांच्या पोराला ढकलणं कळलं पाहिजे एवढंच हवं होतं. त्याने ते लगेच स्वतःवर घेतलं, म्हणजे आम्ही दोघं भांडतो तसं, आणि तू रागावलीस की आम्ही एका कोपऱ्यात. हो बाबा, तसंच.

जुन्या सुती ओढणीच्या तुकड्यात साका, म्हणजे ते पांढरे गोळे, गाळला, आणि इथे एक गोष्ट जी पहिल्यांदा केली नव्हती, तो साका तसाच फडक्यात धरून स्वच्छ गार पाण्यात दोनतीनदा खळबळून घेतला. त्याने व्हिनेगर निघून जातं आणि दुधातली साखर पण बरीचशी निघते, मग वास कमी येतो. मग पिळ पिळ पिळला. जेवढा पिळाल तेवढं पुढचं काम सोपं, यात नवऱ्याचा हात शेवटी कामी आला. पिळलेला गोळा वजनकाट्यावर ठेवला तर १९ ग्रॅम. पाव लिटर दुधातून एवढासा! लेकीचा चेहराच पडला, तिला वाटलं होतं वाटीभर तरी निघेल. मग हिशोब केला, १०० मिली दुधात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, त्यातलं ८० टक्के केसीन, म्हणजे २५० मिलीत सात ग्रॅम. मग बाकीचे बारा? तिनेच सांगितलं, पाणी! अजून पाणीच आहे ना त्यात. तिथेच तिने वही काढली आणि रोज वजन लिहायचं ठरलं.

गोळा दोनतीन मिनिटं चांगला मळायचा, आधी तो रवाळ असतो, मळता मळता एकजीव होतो आणि चिकणमातीसारखा वाटायला लागतो. रंग घालायचा तर इथेच, खायच्या रंगाचे दोन थेंब. आम्ही जांभळा करायला गेलो, लाल आणि निळा मिसळून, तर मेलेल्या माशासारखा करडा झाला. पुढच्या वेळी पांढराच ठेवला आणि वाळल्यावर वरून रंगवला, तो मार्ग जास्त बरा. साचा म्हणून बाटलीचं झाकण. आतून तेलाचं बोट फिरवायचं, त्यात गोळा दाबायचा, पाचएक मिलिमीटर जाड, आणि उलटा करून टिचकी मारायची. भोकं दातकोरणीने पाडू नका, वाळताना बुजतात. आम्ही जाड दाभण वापरलं आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच भोकातून फिरवलं.

वाळवणं हा या सगळ्यातला सगळ्यात कंटाळवाणा भाग आणि सगळं बिघडतं ते पण इथेच. उन्हात किंवा पंख्याखाली ठेवलं की वरची साल आधी वाळते, आकसते, आत अजून ओलंच असतं ते काही आकसत नाही, मग साल तडकते. ओव्हनमध्ये मंद आचेवर एक टाकून बघितलं तर ते कपबशीतल्या बशीसारखं वाकलं. शेवटी जे जमलं ते असं, टिपकागदाच्या दोन घड्यांमध्ये चकत्या, वर एक हलकं पुस्तक, आणि वर उलटा घातलेला पुठ्ठ्याचा खोका म्हणजे हवा लागते पण जोरात लागत नाही. कागद सकाळ संध्याकाळ बदलायचे. हे काम धाकट्याला दिलं होतं आणि त्याने एकही दिवस चुकवला नाही, बूट जागेवर ठेवायला मात्र रोज चुकतो.

एका चकतीला तिसऱ्या दिवशी हिरवी लव आली. ती सगळ्यात जाड होती, सेंटीमीटरभर, धाकट्याने बटण म्हणून नाही तर डायनासोरचं अंडं म्हणून केलेली. जाड वस्तू आतून वाळायला वेळ लागतो आणि तोवर बुरशीला ओल पण मिळते आणि खायला पण मिळतं. अंडं सन्मानपूर्वक कचऱ्यात गेलं, हात साबणाने धुतले, रडारड झाली, त्याऐवजी लहान लहान चपटी सहा अंडी करायचं कबूल केलं.

लेकीची वही आता माझ्यासमोर आहे. पहिल्या दिवशी सगळा माल १९ ग्रॅम, दुसऱ्या दिवशी १४, तिसऱ्या दिवशी ११, मग ९, मग ८ आणि तिथेच थांबला, पुढे दोन दिवस ८ च. म्हणजे वाळलं. तिने आणखी एक केलं होतं जे मला सुचलं नसतं, रोज बटण कागदावर ठेवून पेन्सिलीने कडेने गिरवायची. एकात एक गोल, कापलेल्या कांद्यासारखे. झाकणात दाबलं तेव्हा २८ मिलिमीटर आणि शेवटी २१. स्वेटरचं बाकीचं बटण मोजलं तर २०. आम्ही ठरवून काहीच केलं नव्हतं, बाटलीचं झाकण हाताला लागलं एवढंच, तरी तिने आजीला सांगितलं की सगळं आधीच मोजून केलेलं. मी पण काही बोलले नाही.

वाळल्यावर ते खरंच प्लॅस्टिक वाटतं. टेबलावर टाकलं की टक् असा आवाज, नखाने ओरखडा उठत नाही, जुन्या हस्तिदंती फण्यांसारखा पिवळसर पांढरा रंग. बारीक काचपेपरने कडा घासल्या (भुकटी उडते, हे गॅलरीत करावं आणि नाकाला रुमाल), मग रंग, मग खायच्या तेलाचा एक थेंब फडक्यावर घेऊन चमकवलं. शिवलं. बाकी चार जांभळी आणि मधलं एक जरा वेगळं, पण ते वेगळंच छान दिसत होतं.

मधल्या काळात उरलेल्या चुऱ्याचं काय करायचं म्हणून आम्ही गोंद केला, आणि तो बटणापेक्षा सोपा आणि लगेच होणारा आहे, ज्यांना आठवडाभर थांबायचा धीर नाही त्यांनी थेट हेच करावं. ओला साका, एक मोठा चमचा पाणी, त्यात पाव चमचा बेकिंग सोडा. फसफसतं, ते उरलेल्या व्हिनेगरमुळे, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे. मग ढवळत राहायचं, गुठळ्या हळूहळू विरघळतात आणि पांढरा चिकट गोंद तयार. आम्लाने जे एकत्र आलं ते सोड्याने परत सुटं केलं, भार परत आला ना त्यांच्यावर. या गोंदाने आम्ही पुठ्ठ्याचं घर चिकटवलं आणि दुसऱ्या दिवशी ते जोडावर न फाटता पुठ्ठ्यावरच फाटत होतं. पहिल्या महायुद्धातल्या लाकडी विमानांचे भाग केसीनच्या गोंदाने जोडायचे हे सांगितल्यावर घराचं लगेच विमान झालं. फक्त हा गोंद दोनतीन दिवसांत वापरून टाका, फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर वास.. जाऊ दे.

आता मुख्य फजिती. स्वेटर दोन आठवडे मिरवला, मग कोणीतरी तो धुवायच्या कपड्यात टाकला. कोणी ते अजून कबूल झालेलं नाही. मशीनमधून काढला तर मधलं बटण जागेवर नाही, तिथे दोऱ्याला एक बुळबुळीत पांढरा लगदा लटकतोय आणि शेजारच्या लोकरीवर थोडा माखलाय. मला वाटलं आता ही रडणार. तिने तो लगदा बोटावर घेतला, दोन बोटं चिकटवून बघितली आणि म्हणाली आई हा तर आपला गोंद आहे! मग थांबून, कपड्यांची पावडर सोड्यासारखी असते का?

असते. कपडे धुण्याची पावडर बहुतेक वेळा अल्कलीच असते, म्हणजे आम्लाच्या उलट, सोड्यासारखी. मला हे सुचायला हवं होतं, गोंद मीच तर शिकवला होता, पण मशीन लावताना कोण पीएचचा विचार करतं. मग खात्री करायला दोन ग्लास घेतले, एकात साधं पाणी, एकात पावडरचं पाणी, दोन्हीत वाळलेल्या चुऱ्याचा एकेक तुकडा. संध्याकाळपर्यंत साध्या पाण्यातला फुगून रबरासारखा मऊ झाला होता, म्हणजे नुसतं पाणी पण त्याला सोसत नाही, पण होता एकसंध. पावडरच्या पाण्यातला बुळबुळीत झाला होता आणि पाणी गढूळ.

त्या रात्री मी त्यांना गॅलालिथची गोष्ट सांगितली. जर्मनीत विल्हेल्म क्रिशे नावाचा एक माणूस होता, त्याला शाळेसाठी पांढरी पाटी हवी होती, लिहून पुसता येईल अशी. त्याने केसीन वापरून बघितलं आणि त्याचीही अडचण तीच, पाणी. मग अडॉल्फ स्पिटेलर या केमिस्टबरोबर त्याने केसीन फॉर्मल्डिहाइडने पक्कं करायची युक्ती वापरली आणि १८९९ मध्ये पेटंट घेतलं. गॅला म्हणजे ग्रीकमध्ये दूध, लिथोस म्हणजे दगड, दुधाचा दगड. फॉर्मल्डिहाइड केसीनच्या साखळ्यांना एकमेकींना आडवं बांधून टाकतं, मग त्या पाण्यात सुटत नाहीत. पुढे कितीतरी वर्षं बटणं, फण्या, विणायच्या सुया, पेनं असलं सगळं याचं बनत होतं. जाड पत्रे असे पक्के व्हायला महिनेच्या महिने रसायनात बुडवून ठेवायला लागायचे, हे ऐकून धाकट्याला जरा बरं वाटलं, आपलं अंडं पाच दिवसांत व्हायला हवं असं काही नव्हतं तर. लेकीने साहजिकच विचारलं मग आपण ते आणू. नाही. फॉर्मल्डिहाइड विषारी आहे, कॅन्सरशी त्याचा संबंध आहे, घरात ते येणार नाही, मुलांबरोबर तर प्रश्नच नाही. कोणी वाचणाऱ्याने पण हा उद्योग करू नये.

मग नेलपॉलिश. नवीन बटणाला दोन हात मारले, सुकलं, पाण्याच्या ग्लासात टाकलं. वरून मस्त राहिलं पण भोकांच्या आतून पाणी शिरलं आणि नेलपॉलिशखाली ते फुगून तिथे टम्म फोड आला. भोकांच्या आत पण लावलं, दाभणाला कापूस गुंडाळून, तरी एक रात्रच टिकलं. मेणात बुडवून बघितलं तर मेण उन्हात मऊ होतं. तिसरी आयडिया सासूबाईंची, आणि त्या इतके दिवस दूध वाया जातंय म्हणत होत्या हे इथे नोंदवून ठेवते. त्या म्हणाल्या शिवायचंच कशाला. मागच्या बाजूला दोऱ्याचा एक फास करा, तो स्वेटरच्या कापडातून आत घ्या आणि आतून त्यात सेफ्टीपिन घाला. धुवायचं तेव्हा पिन काढायची, बटण हातात.

तसंच केलं. फासासाठी चार भोकांचं बटण लागलं, म्हणजे परत पाव लिटर दूध, परत पाच दिवस टिपकागद. यावेळी वजन ८ वर आलं तेव्हा कोणी उड्या मारल्या नाहीत, लेकीने नुसतं लिहिलं आणि वही मिटली. आता स्वेटरच्या आतल्या बाजूला, ब्रँडचं लेबल असतं ना तिथे, तिने कापडी पट्टी शिवून घेतलीय माझ्याकडून आणि त्यावर तिच्या अक्षरात लिहिलंय, धुण्याआधी बटण काढा, ते दूध आहे.